आधी झाडं रुजू देत

कोल्हापूर,
आषाढ

चि. राणीस,


परवा तुझी आई फोनवर म्हणाली, तू बेंगळुरूच्या खोलीत माशांची टाकी ठेवायचं मनावर घेतलंयस. आत खरी झाडं, दगड, लाकूड, बघणाऱ्याला रानातला ओढाच वाटला पाहिजे, असं काहीतरी. दुकानात तयार टाकीची किंमत विचारलीस आणि गप्प परत आलीस, हेही तिनं सांगितलं. पोरी, परत आलीस ते फार बरं केलंस. नोकरी लागून वर्ष झालेलं नाही, खोलीचं भाडं आहे, डिपॉझिट आहे, घरी पैसे पाठवतेस. त्यात हप्त्यावर टाकी घेऊन बसू नकोस. पण नादच सोडून दे असं मी म्हणणार नाही. ऑफिसातून रात्री येतेस आणि चार भिंतींत एकटी बसतेस, तिथं डोळ्यांपुढं काहीतरी हिरवं, जिवंत असलेलं चांगलं. म्हणून हे पत्र. फोनवर नुसतं ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि विसरून जातेस. कागदावरचं परत वाचता येतं.

मुख्य गोष्ट आधीच लिहून टाकतो, पुढं पाल्हाळ लागलं तरी हरकत नाही. ज्याच्याकडे पैसा कमी, त्यानं या छंदात वेळ घालायचा. महागड्या टाकीत जे काम यंत्रं करतात, ते तुझ्याकडे माती आणि झाडं करतील. पण त्यांना दिवस द्यावे लागतील. आधी झाडं रुजू देत. चार ते सहा आठवडे आत एकही मासा सोडायचा नाही. एवढं पाळलंस तर बाकीचं बरंचसं आपोआप जमून येतं. नाही पाळलंस, तर दुसऱ्या आठवड्यात मेलेला मासा बघून रडत फोन करशील, आणि मला इथं बसून ते सोसवणार नाही.

इकडं पाऊस चांगला लागलाय. राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पेपरात बघतो. इशाऱ्याची खूण ३९ फुटांवर आणि धोक्याची ४३ वर, पण २०१९ चा पूर पाहिल्यापासून मामीच्या पोटात तिशीलाच गोळा येतो. अजून तशी वेळ नाही, तू काळजी करू नकोस. बेंदूर झाला. मामीनं मातीची बैलजोडी आणून पुजली, पुरणपोळ्या झाल्या, तुझी आठवण निघाली.

तुला आंबोलीची हिरण्यकेशी आठवते का? तू चौथीत-पाचवीत असशील. देवळापाशी गुहेतून पाणी बाहेर येतं, पुढं कुंडात साठतं. तू काठावर पालथी पडून तळातले दगडांना चिकटलेले बारीक मासे बघत बसलीस. सगळे हाका मारून दमले तरी उठेनास. पुढं २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, विज्ञानाला नवीच जात निघाली, तिचं नाव स्किस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच नदी पुढं आपल्या आजऱ्यावरून, गडहिंग्लजवरून जाते. इतक्या पिढ्या माणसं तिथं हात जोडून आली आणि माशाला नाव मिळायला २०२० उजाडलं. हे तुला मुद्दाम लिहितोय. सुट्टीत इकडं येशील, पश्चिमेला फिरायला जाशील, ओढ्यात काहीतरी सुंदर दिसेल आणि बाटलीत भरून न्यावंसं वाटेल. नेऊ नकोस. अशा जाती एखाद्या छोट्या ओढ्यापुरत्याच असतात. पठारांवरच्या पाण्यात फुलणारा वायतुरा सह्याद्रीच्या आपल्या पट्ट्याबाहेर जगात कुठं उगवत नाही, त्याचा कंदही उपटायचा नाही. तिथून आणायचं ते नजरेत साठवून आण. दगड कसे पडलेत, कुठला मोठा, कुठला अर्धा मातीत, पाला कुठल्या कोपऱ्यात अडकलाय, गवत कुठल्या बाजूला झुकलंय. फोनवर फोटो काढून ठेव. टाकी रचताना तेच फोटो समोर ठेव, दुकानातल्या टाकीचे नकोत.

असल्या टाक्यांना जगभर नाव मिळवून दिलं ते जपानच्या ताकाशी अमानोंनी. ते निसर्गाची छायाचित्रं काढणारे, जंगलं आणि नद्या डोळ्यांनी पिऊन आलेले. २०१५ साली, त्यांच्या शेवटच्या वर्षात, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांब, १,६०,००० लिटर पाण्याची टाकी उभी केली. तिचे फोटो बघ, मन भरून बघ, रचना कशी करावी ते शीक. पण त्यांच्या टाक्यांना कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लागतात, झगझगीत दिवे लागतात, रोजची निगा लागते. तुझ्या खिशाला मानवणारी वाट अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅडबाईंची. त्यांनी १९९९ साली ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं. खाली साधी बागेची माती, वर खडीचा थर, भरपूर झाडं, मोजके मासे. माशांची घाण झाडांचं खत होते आणि झाडं पाणी साफ ठेवतात. आणि ही कल्पनाही नवी नाही. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरियाची झाडं एकत्र ठेवून पाहिली. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्यानं आत तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. ना पंप, ना फिल्टर. तेव्हा झाडांबरोबर दोन-चार गोगलगायी आल्या तर घाबरून काढून टाकू नकोस, त्या कामाच्या आहेत.

आता टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घे. साधारण ५४ लिटर पाणी बसतं. यापेक्षा लहान भांडं स्वस्त पडतं म्हणून मोह होईल, पण थोडं पाणी लवकर बिघडतं, आणि गोल भांड्याच्या तर वाटेलाच जाऊ नकोस. जुनी टाकी मिळाली तर उत्तम. बदली होणारी माणसं निम्म्या किमतीत देऊन टाकतात. घेतलीस की बाथरूममध्ये काठोकाठ भरून दोन दिवस ठेव, खाली वर्तमानपत्र पसर. कागद कोरडा राहिला तरच खोलीत आण. आणि वजनाचं विसरू नकोस. पाणी, माती, दगड, काच मिळून ८० किलोच्या आसपास जातं. तुझं ते प्लायवूडचं टेबल त्याखाली टिकणार नाही. भिंतीलगत, लोखंडी स्टँडवर, खाली थर्माकोलची शीट घालून ठेव. घरमालकाला आधी विचार. भरलेली टाकी कधीही उचलायची किंवा सरकवायची नाही, आणि रिकामीही एकटीनं उचलू नकोस, मैत्रिणीला बोलाव. तुझी पाठ आधीच दुखते असं आई म्हणत होती.

मातीबद्दल बोलायला मला आवडतं, ते तुला माहीत आहे. तुझ्या बेंगळुरूची मातीच तांबडी, ते एक बरं आहे. नर्सरीतून साधी तांबडी माती घे, रासायनिक खत न मिसळलेली. उन्हात वाळव, चाळणीनं चाळ, काड्या-मुळ्या काढून टाक. मग बादलीत भिजवून वरचं पाणी दोन-तीनदा ओतून टाक. मूठभर जुनं गांडूळखत मिसळलंस तर चालेल, शेणखत नको. आपली काळी माती तर अजिबात नको. ती पाण्यात फुगते आणि महिनोन्‌महिने गढूळपणा सोडत राहते. इथं एकानं मला तालमीतली लाल माती वापरू का विचारलं होतं. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असतं. ती पैलवानांच्या अंगाला चांगली, माशांना नाही. असलं काही कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. मातीचा थर एक इंच पुरे, तुझ्या टाकीला चार-साडेचार लिटर माती लागेल.

त्यावर वाळूचा थर. यात मात्र मामाचं ऐकायचंच. आयुष्य उद्यमनगरात फाउंड्रीच्या वाळूच्या लॅबमध्ये गेलं माझं. आपल्याकडची फाउंड्रीची पांढरी सिलिका वाळू पुष्कळशी खाली सिंधुदुर्गातून, कासार्डे भागातून येते. ही वाळू पाण्यात काही सोडत नाही, म्हणून टाकीला योग्य. पण साच्याला वापरतात ती बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपास. ती मातीवर घातली तर दाबून बसते, खाली हवा पोचत नाही, माती सडते आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. तुला लागेल ती जाड, एक ते दोन मिलिमीटरची, पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात ती. आणि फाउंड्रीत एकदा वापरलेली काळी वाळू कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते, कधी रेझिनही असतं. मी इथूनच जाड वाळू चाळून, धुऊन, वाळवून आठ किलो पाठवतोय, तुला सहा-सात किलो लागेल. तरी तिथं एकदा परत धू. बादलीत थोडी थोडी घे, हात कोपरापर्यंत घालून ढवळ, गढूळ पाणी ओत, परत भर. ढवळल्यावरही बादलीचा तळ दिसला की समज झाली.

दगडांना पैसे देऊ नकोस. काळा कातळ सगळ्यात चांगला. शंका आली तर दगडावर लिंबू पीळ किंवा व्हिनेगर टाक. फसफसलं तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करतो, बाहेर ठेव. जांभ्यात लोह असतं. परदेशात एके काळी टाकीच्या तळात मुद्दाम त्याचा चुरा घालत. तुझ्या मातीत मूठभर घालायला मी वाळूच्या पिशवीत एक पुडी ठेवतोय. लाकूड म्हणशील तर पेरूची जुनी, पूर्ण वाळलेली, साल गेलेली फांदी बघ. चीक असलेलं लाकूड नको, ओलं नको. एक-दोन तास उकळ, आठवडाभर पाण्यात दगडाखाली दाबून ठेव, बुडायला लागली की वापर. आणि तुझ्या रस्त्यावर देशी बदामाची झाडं असतील, त्यांची गळून पडलेली लाल-तपकिरी वाळकी पानं गोळा कर. दोन-तीन पानं धुऊन तळात टाकलीस की पाणी जरा तपकिरी होतं, माशांना ते मानवतं, आणि टाकीला रानाचा रंग येतो. फवारणी झालेल्या बागेतली मात्र नकोत.

रचताना एकच सांगतो. मधोमध काही ठेवू नकोस. एक मोठा दगड एका बाजूला, बूड मातीत रुतवलेला, त्याच्याच जातीचे लहान त्याच्या पायाशी. मागं माती उंच, पुढं उतरती. दगड मातीत बसलेला दिसला पाहिजे, वरून ठेवलेला नाही. ओढ्यात दगड कधीच तीन रंगांचे आणि रांगेत नसतात. रंगीत खडी, प्लास्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारा शिंपला, यातलं काही आणलंस तर माझ्याशी बोलू नकोस.

झाडांवर मात्र हात आखडू नकोस. वाचलेले पैसे इथं घाल. पहिल्याच दिवशी तळाचा बहुतेक भाग झाडांनी भरला पाहिजे. चार काड्या लावून वाट बघत बसलीस तर ती जागा शेवाळ घेईल. कुठली झाडं ते तुझ्या पाण्यावर ठरव. खोलीला कावेरीचं पाणी येतं की बोअरचं, ते आधी विचार. बोअरचं जड पाणी असेल तर वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट लाव. त्यांना जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेता येतो, त्यामुळं सिलिंडरवाचून जोमानं वाढतात. हायड्रिला म्हणजे शाळेत नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे मोजले होतेस तीच. सावलीच्या जागी क्रिप्टोकोरायन लाव. ती लावल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पानं विरघळून जातात, झाड मेलं असं वाटतं. उपटू नकोस. मूळ जिवंत असतं आणि नवी पानं तुझ्याच पाण्याला सरावलेली येतात. औषधी झाडांच्या नर्सरीत नीरब्राह्मी मिळते, जाडसर छोट्या पानांची, तीही पाण्याखाली छान चालते. गोल पानांची मंडूकपर्णी ब्राह्मी म्हणून देतात, ती घेऊ नकोस. आणि मनीप्लांटची फांदी टाकीच्या काठावर अशी बसव की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. पाण्यातलं नायट्रेट ती अधाशासारखं ओढते, आणि फुकटात मिळते. तुझ्या ऑफिसातच असेल.

लावताना आधी वाळू नुसती भिजेल एवढंच पाणी घाल. एकेक काडी चिमट्यात धरून तिरकी खुपस, मग जरा वर ओढ, म्हणजे मुळं खाली वळतात. सगळं लावून झालं की वाळूवर एक बशी ठेव आणि तिच्यावर हळूहळू पाणी सोड, धार थेट वाळूवर पडू देऊ नकोस. खालची माती वर आली की दोन दिवस सगळं गढूळ राहतं. तरीही आली तर घाबरायचं नाही, बसते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादली एक दिवस उघडी ठेव, किंवा माशांच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, अगदी स्वस्त, ते टाक.

दिवा साधा दोन फुटी एलईडी बॅटन पुरे, १० वॅटचा, पांढरा, ६५०० केल्विनचा. रोज आठ तास लावलास तरी महिन्याला अडीच युनिटच्या आतच वीज लागते. टायमर लाव. सकाळी चार तास, मग चार तास बंद, मग संध्याकाळी चार तास, असं कर. मधल्या अंधारात मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात परत साठतो, हीही वॉलस्टॅडबाईंचीच युक्ती. शिवाय तू घरी येशील तेव्हा दिवा चालू असेल. खिडकीचं थेट ऊन मात्र टाकीवर पडू देऊ नकोस.

आता परत माझ्या मूळ काळजीवर येतो. टाकी भरली, झाडं लागली, पाणी निवळलं, चौथ्या-पाचव्या दिवशी इतकी सुंदर दिसेल की आता मासे हवेतच असं वाटेल. दुकानदारही म्हणेल, सोडा हो, काही होत नाही. राणी, तेव्हा थांब. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण नव्या मातीतून अमोनिया सुटत असतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे झाडं खातात. हे जिवाणू वाळूवर, दगडावर, पानांवर हळूहळू वसतात. त्यांना आठवडे लागतात. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज मिळाला तर त्याचा तुकडा आणून टाक, दुधाला विरजण लावल्यासारखं ते काम करतं, दिवस कमी होतात. पण चुकत नाहीत. त्या काळात आठवड्यातून दोनदा एक तृतीयांश पाणी बदलत जा. बाकी कुठलं उपकरण घेऊ नकोस, अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं एक किट घे. दोन्ही एकदा सोडून दोन-तीनदा शून्य आले की मगच माशांचा विचार.

मधल्या काळात काचेवर तपकिरी थर येईल, मग हिरवा येईल. तुझा धीर सुटेल. औषध टाकू नकोस. दिव्याचा एक तास कमी कर, काच पुसून घे, वेगानं वाढणारं हॉर्नवर्ट जास्त घाल. झाडं वाढली की शेवाळाला खायला उरत नाही. रोज रात्री पाच मिनिटं बसून बघ. दहा-बारा दिवसांनी वॅलिस्नेरियाच्या बुडातून वाळूखालून एक पांढरी धावती मुळी निघते आणि दोन बोटांवर नवं रोपटं डोकं काढतं. ते ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

मासे थोडे आण. बोअरच्या पाण्यात गप्पी खुशाल राहतात. आपल्या आरोग्य खात्याकडे डासांसाठी गप्पी पाळलेले असतात, इकडं विचारलं की मिळतात, तिकडं चौकशी कर. पण फक्त नर घे, लहान आणि रंगीत शेपटीचे. माद्या आल्या तर तीन महिन्यांत पिल्लांनी टाकी भरेल आणि तुझ्यानं ती कुणाला देववणार नाहीत. पाणी मऊ असेल तर झेब्रा डॅनिओ. हा आपल्याच देशातला मासा, १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टननं कोसी नदीतला म्हणून त्याची नोंद केली, आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. तो घोळक्यात राहतो, सहा तरी हवेत, आणि उड्या मारतो म्हणून झाकण हवं. पहिल्यांदा निम्मेच सोड, दोन आठवडे जाऊ दे, मग बाकीचे. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तुझा हात आजीवर गेलाय, समोरच्याला जास्त वाढायचा. इथं आवर.

आणि एक विनंती, ही फार मनापासून. झाडं वाढतील, दर पंधरा दिवसांनी छाटावी लागतील. ती छाट गटारात, नाल्यात, तळ्यात कधी टाकू नकोस. मासा नकोसा झाला तरी तळ्यात सोडू नकोस. तू लहानपणी रंकाळा तलाव जलपर्णीनं भरलेला पाहिला आहेस. बोटभर पाणी दिसत नव्हतं, माणसं आणि यंत्रं लावून टनावारी काढली तरी परत यायची. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फूल सुंदर म्हणून कुणीतरी हौसेनं आणलेली, हौदातून सुटली आणि देशभर पसरली. सांडपाण्यानं तिला खायला घातलं. तुझ्या शहरातल्या तळ्यांतही तीच गत आहे. छाट उन्हात कडक वाळव आणि कुंडीत टाक. मासे नको झाले तर दुकानात परत दे.

सिलिंडर, महागडी माती, बाटलीतली खतं यांच्या मागं या वर्षी लागू नकोस. पगार हातात येतो त्याच दिवशी माशांच्या दुकानात जाऊ नकोस, महिनाअखेरीला जा. जेवण टाळून काही घेऊ नकोस. तुझा फोटो पाहिला, गालफडं बसलीत. पार्सलमध्ये मामीनं भडंग आणि कांदा-लसणाची चटणी घातली आहे, चटणीची बरणी वाळूपासून वेगळ्या पिशवीत आहे. शुक्रवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघेल, शनिवारी सकाळी उतरवून घे. ड्रायव्हरचा नंबर आईला कळवतो.

टाकी भरलीस की त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिही, तिथून सहा आठवडे मोज आणि त्या तारखेला माशांचं चित्र काढ. त्याआधी दुकानात गेलीस तरी पिशवी रिकामी घेऊन ये. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
मामा

ता. क. दिव्याची वायर सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोळ राहू दे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवू नकोस, भिंतीला उंचावर लाव. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करायचं आणि प्लगही काढायचा, दर वेळी.